ऑफिस नसलेल्या टीममध्ये मूळ कारण कुठे शोधायचं?

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे साठवतात अशी एक सेवा गिटलॅब ही कंपनी चालवते. तिचे लोक वेगवेगळ्या देशांतून, आपापल्या घरून काम करतात. त्या संध्याकाळी त्यांच्या डेटाबेसवर अचानक ताण आला. एक मुख्य सर्व्हर आणि त्याची नक्कल सतत उतरवून घेणारा एक राखीव सर्व्हर, अशी त्यांची मांडणी होती. ताणामुळे राखीव सर्व्हर इतका मागे पडला की तो पुसून नव्याने भरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

हे काम ज्या इंजिनिअरकडे आलं, त्याच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजून गेले होते. तो दिवसाचं काम आटोपण्याच्या बेतात होता. नक्कल उतरवणारी आज्ञा काही केल्या पुढे सरकेना, आणि का सरकत नाही हे ती सांगतही नव्हती. राखीव सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं नसल्यामुळे ती अडून बसली असावी, असं त्याला वाटलं. त्याने ते फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण राखीव सर्व्हरवर नाही, मुख्य सर्व्हरवर आहोत. दोन्हींच्या नावात फरक एका आकड्याचा, एकाचं डीबी-१ आणि दुसऱ्याचं डीबी-२. त्याने घाईने आज्ञा थांबवली तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं.

सेवा साधारण १८ तास बंद राहिली. लोकांचा कोड वाचला, पण डेटाबेसमधली जवळपास सहा तासांची भर कायमची गेली. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती.

या घटनेचं मूळ कारण काय, असं कुणी विचारलं तर उत्तर जिभेच्या टोकावर असतं. माणूस चुकला. रात्र झाली होती, दमला होता, लक्ष नव्हतं. हे सगळं खरंही आहे. पण एवढ्यावर थांबलं तर उद्या हातात काय उरतं? ‘यापुढे नीट लक्ष द्या’ अशी एक मेल. दमलेला माणूस पुन्हा दमणारच आहे.

मला या घटनेत जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. गेलेला डेटा बॅकअपमधून लगेच का आणता आला नाही?

बॅकअप होते ना! कागदावर एकापेक्षा जास्त होते. पहिला, डेटाबेसची रोजची प्रत दुसरीकडे साठवणारा. ती साठवणीची जागा उघडली तर आत काहीच नव्हतं. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता आणि प्रत काढणारं साधन ९.२ चं वापरलं जात होतं, त्यामुळे ते सुरू होताच बंद पडत असे. मग ते बंद पडतंय हे कुणाला कळलं कसं नाही? बिघाड झाला की ईमेल जाण्याची सोय होती. पण कंपनीने बनावट मेल रोखण्यासाठी एक सुरक्षा नियम लागू केला होता, आणि या सूचनांच्या मेलवर त्या नियमाला लागणारी सही नव्हती. म्हणून मेल घेणाऱ्या यंत्रणेने त्या परत लावल्या. यंत्र ओरडत होतं आणि त्याच्या तोंडावर आपणच हात ठेवला होता, असा हा प्रकार. दुसरा उपाय म्हणजे डिस्कची छायाप्रत. ती फाइल साठवणाऱ्या सर्व्हरसाठी सुरू होती, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हती, कारण तिथे बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असं गृहीत धरलेलं. शेवटी तारलं कशाने? घटनेच्या साधारण सहा तास आधी एका इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी स्वतःहून काढून ठेवलेल्या एका प्रतीने. तीही एका मंद डिस्कवर होती, म्हणून परत आणायला इतका वेळ गेला. ती नसती तर सहाच्या जागी जवळपास चोवीस तासांचा डेटा गेला असता.

गिटलॅबने यानंतर सविस्तर अहवाल लिहून जगासमोर ठेवला. त्यात ‘का?’ला ‘का?’ जोडत ते खाली उतरत गेले आहेत. बॅकअप चालतो की नाही हे नियमित तपासलं का जात नव्हतं, या प्रश्नाचं तिथलं उत्तर मला कायम आठवतं. ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

दमलेल्या माणसाच्या बोटापासून निघालेला शोध इथे येऊन पोचतो. हे कारण हाताशी असलं की उद्या नेमकं काय करायचं ते कळतं.

‘व्हाय-व्हाय’ आणि जागेवर जाणं

चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ही पद्धत ‘व्हाय-व्हाय’ या नावाने पाठ असते. तिचा उगम टोयोटात. साकिची टोयोडा यांच्यापासून ती चालत आली आणि ताईची ओनो यांनी ती कारखान्यात रुजवली. ओनो यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र थांबलं. का? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसं मिळत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? पंपाला गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तराला थांबलात तर फ्यूज बदलाल आणि महिन्याभरात पुन्हा फ्यूज बदलाल. पाचव्याला पोचलात तर एक जाळी बसवाल.

पाच हा आकडा काही पवित्र नाही. कधी तिसऱ्यालाच तळ लागतो, कधी आठ पायऱ्या उतराव्या लागतात. ज्या कारणावर आपण काही करू शकतो आणि जे केल्यावर दुखणं परत येणार नाही, तिथे थांबायचं.

पण या पद्धतीचा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो. ओनो हे प्रश्न मीटिंगच्या खोलीत बसून विचारत नसत. काम जिथे होतं तिथे जा आणि डोळ्यांनी बघा, हा टोयोटाचा आग्रह. खडूने जमिनीवर वर्तुळ काढून त्यात माणसाला तासन्‌तास उभं करायचं आणि समोरचं काम नुसतं बघायला लावायचं, ही ओनो यांची शिकवण्याची रीत सांगितली जाते. पंपात कीस आहे हे खोलीत बसून कळत नाही. पंप उघडावा लागतो.

घरून चालणाऱ्या टीमची खरी अडचण इथे सुरू होते. वर्तुळ काढायला जमीनच नाही. एक जण बाणेरच्या फ्लॅटमध्ये, एक जण कोल्हापुरात आईवडिलांकडे, दोघं न्यू जर्सीत. काम घडतं ते प्रत्येकाच्या स्क्रीनवर, आणि ती स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ऑफिसमध्ये शेजारचा माणूस तीच फाइल तिसऱ्यांदा उघडून उसासा टाकतो तेव्हा आपण मान वळवून ‘काय झालं रे?’ विचारतो. मूळ कारणांचा निम्मा शोध या न ठरवलेल्या ‘काय झालं रे’मध्ये होऊन जात असे. आता उसासा म्यूटवर असतो.

मग जागेवर जायचं म्हणजे कुठे जायचं? माझं उत्तर असं आहे, की दूर बसलेल्या टीममध्ये जे लिहिलं जातं तीच कामाची जागा. चॅटमधले निरोप, टिकेटमधले म्हणजे एकेका कामाच्या ऑनलाइन नोंदीतले बदल, फाइल कधी आली कधी गेली याच्या नोंदी, कुणी कुणाला काय विचारलं आणि उत्तर कधी आलं. जे लिहिलं गेलं नाही ते त्या जागेवर नाहीच, मग ते शोधणार कसं? गिटलॅबचा अहवाल इतका नेमका होऊ शकला त्याचं एक कारण हे की त्या रात्री चाललेली धावपळ ते एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये वेळेसकट लिहीत होते. ते डॉक्युमेंट त्यांनी सगळ्यांना वाचायला खुलंही ठेवलं होतं.

माणूस दोषी वाटतो, कारण त्याची परिस्थिती दिसत नाही

कॅथरिन क्रॅम्टन या अमेरिकी संशोधिकेने २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या १३ गटांचा तिने अभ्यास केला होता. या गटांचं बिनसायचं ते मुख्यतः एका गोष्टीवरून. समोरच्याला काय माहीत आहे, याचा प्रत्येकाचा अंदाज चुकत होता. एखाद्याच्या गावी सुट्टी आहे, एखाद्याची परीक्षा आहे, एखाद्याला मेल पोचलीच नाही, यातलं काहीही दुसऱ्या टोकाला दिसत नव्हतं. आणि परिस्थिती दिसत नसली की माणूस दिसतो. ‘तो आळशी आहे’, ‘तिला पर्वा नाही’.

तिने गप्प राहण्याचे जे अर्थ गोळा केले ते तर डोळे उघडणारे आहेत. उत्तर न येण्याचा अर्थ ‘मला मान्य आहे’ असा निघाला, ‘मला अजिबात मान्य नाही’ असाही निघाला. ‘मी गावाला गेलोय’, ‘माझं नेट बंद आहे’, ‘काय बोलावं सुचत नाही’, ‘तू मला विचारतोयस हेच कळलं नाही’ हेही त्यात होतं. आपल्याकडे ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. दूर बसलेल्या टीममध्ये या सवयीसारखी घातक सवय नाही.

मी स्वतः या सापळ्यात पडले आहे, आणि तो प्रसंग इथे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आमच्या टीममधला एक मुलगा २०२० मध्ये कोल्हापूरला घरी गेला आणि तिथूनच काम करू लागला. दर सोमवारी सकाळी ९ वाजता एका ग्राहकाला बिलांचा रिपोर्ट पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. एका वर्षी नोव्हेंबरपासून रिपोर्ट उशिरा जाऊ लागला. कधी ११ वाजता, कधी १२ वाजता. ग्राहकाची तक्रार आली. टीममध्ये कुजबुज सुरू झाली की घरी गेल्यापासून याचं लक्ष नाही. मी त्याला फोन करून समज दिली. तो ‘हो ताई, बघतो’ म्हणाला. काही फरक पडला नाही. फेब्रुवारीत जरा कडक शब्दांत बोलले. मार्च उजाडला आणि रिपोर्ट वेळेवर जाऊ लागला. मला वाटलं, बोलण्याचा उपयोग झाला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, हे मला पुढच्या नोव्हेंबरात कळलं. रिपोर्ट पुन्हा उशिरा जाऊ लागला.

या वेळी आम्ही दोघं कॉलवर बसलो आणि मी पहिल्यांदा त्याला ‘का?’ न विचारता ‘सोमवारी सकाळी तू नेमकं काय करतोस ते दाखव’ म्हटलं. त्याने स्क्रीन दाखवली. रिपोर्ट आपोआप बनायचा, शनिवारी पहाटे ४ वाजता. सोमवारी तो उघडून बघायचा तर आत गेल्या आठवड्याचे आकडे. मग तो सगळं पुन्हा चालवायचा, आणि त्याला तीन तास लागायचे. म्हणजे ज्याला आम्ही निष्काळजी म्हणत होतो, त्याने प्रत्येक वेळी चुकीचा रिपोर्ट ग्राहकाकडे जाण्यापासून अडवला होता.

आकडे जुने का? कारण नवी फाइल तोवर आलेलीच नसायची. ती न्यू यॉर्कहून यायची, तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता. उन्हाळ्यात तिथले ६ म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. आपलं काम ४ ला सुरू होई, फाइल हजर असे. पण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. भारतात असं काही नाही. त्यामुळे हिवाळ्यात तिथले ६ म्हणजे आपले साडेचार. आमचं यंत्र ४ ला उठून, फाइल आली की नाही हे न बघता, जुन्याच फाइलवर रिपोर्ट बनवून झोपी जाई.

इथे थांबले असते तर उत्तर मिळालं असतं, ‘वेळ बदला’. पण मला एक गोष्ट टोचत होती. त्याने हे कुणाला सांगितलं कसं नाही?

‘सांगितलं होतं की!’ तो म्हणाला. आणि त्याने निरोप काढून दाखवला. पहिल्याच नोव्हेंबरात पुण्यातल्या आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्याला त्याने खासगी चॅटवर लिहिलं होतं की फाइल उशिरा येते आहे. खाली अंगठ्याची खूण होती. त्याने त्या अंगठ्याचा अर्थ ‘बघतो’ असा घेतला. अंगठा देणाऱ्याच्या मनात बहुधा ‘वाचलं’ एवढंच असावं. डिसेंबरात ते सहकारी दुसऱ्या टीममध्ये गेले आणि निरोप त्यांच्यासोबत गेला. मी समज दिली तेव्हा हा मुलगा गप्प राहिला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे मला सगळं ठाऊक होतं आणि तरीही मी त्याला बोलत होते.

तेव्हा आमच्या प्रश्नाची दोन मुळं होती. एक यंत्राचं, की ते फाइलची वाट बघत नव्हतं. दुसरं आमचं, की अडचण सांगण्यासाठी सगळ्यांना दिसेल अशी ठरलेली जागा नव्हती, आणि न्यू यॉर्कहून आमच्याकडे येणारं काम मधल्या मध्ये कुणाचंच नव्हतं. दुसरं मूळ तसंच ठेवलं असतं तर वेगळ्या फाइलबाबत, वेगळ्या माणसाच्या नावावर तेच घडलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, पुन्हा.

शोध कसा घ्यायचा

आधी घटनाक्रम, मग चर्चा. ही शिस्त मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कॉल घेण्यापूर्वी संबंधित प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं, काय कळलं, काय केलं, हे वेळेसकट एकट्याने लिहून द्यावं. कॉलवर थेट बोलायला बसलो की वरिष्ठ आधी बोलतात आणि मग बाकीच्यांच्या आठवणी त्या दिशेने वळतात. कोल्हापूरच्या त्या मुलाने सोळा जणांच्या कॉलवर मला कधीच खोडून काढलं नसतं. लिहून मागितलं असतं तर पहिल्याच वर्षी तो निरोप समोर आला असता. आणि सगळ्या वेळा एकाच घड्याळात लिहा, कुठल्याही एका. आमच्यासारख्यांचे अर्धे गोंधळ ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत’ या दोन शब्दांत लपलेले असतात. कुणाचा शुक्रवार?

प्रश्न विचारताना भाषा जपावी लागते. इंग्रजीतला ‘व्हाय’ कारखान्यात कोरडा वाटतो, पण मराठीत ‘असं का केलंस?’ हा प्रश्न नसतोच, ती कानउघाडणी असते. ऐकणारा कारण सांगायचं सोडून सफाई द्यायला लागतो. अपघातांचा अभ्यास करणारे जॉन ऑलस्पॉ यांनी हाच आक्षेप पाच ‘का’च्या पद्धतीवर घेतला आहे. ‘का’ विचारलं की बोट एका माणसाकडे आणि एका सरळ साखळीकडे वळतं, म्हणून ‘कसं’ विचारा, असं ते सांगतात. ‘त्या वेळी तुझ्या समोर स्क्रीनवर काय होतं?’, ‘हे बरोबर आहे असं कशावरून वाटलं?’ असं विचारून बघा. गिटलॅबच्या इंजिनिअरला ‘चुकीच्या सर्व्हरवर का गेलास?’ विचारून काय मिळणार? ‘आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे कसं कळतं?’ असं विचारलं की दिसतं, दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात.

साखळी एकच असते या समजातून बाहेर पडणंही गरजेचं आहे. प्रत्येक पायरीला ‘आणखी काय?’ विचारा. गिटलॅबच्या घटनेत ताण वाढण्यालाच दोन कारणं होती. स्पॅमचा मारा आणि शिवाय कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं, कुणीतरी खोडसाळ तक्रार केल्यामुळे, पुसलं जात होतं. त्या खात्याचा पसारा मोठा, म्हणून डेटाबेसवर भार. तक्रारी हाताळणाऱ्या स्क्रीनवर, कुणाचं खातं आपण पुसतो आहोत हे सहज नजरेतून सुटत होतं. एकाच रात्रीच्या खोडाला अशी चार-पाच मुळं. त्यांतलं एक उपटून ‘सापडलं’ म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कारण सापडलं असं वाटलं की त्याची उलटतपासणी करा. हे कारण नसतं तर घटना घडली असती का? आणि जेव्हा घटना घडत नाही, तेव्हा हे कारण खरंच गैरहजर असतं का? ‘घरी गेल्यापासून लक्ष नाही’ हे माझं निदान या दुसऱ्या प्रश्नापुढे एक मिनिट टिकलं नसतं. तो एप्रिल ते ऑक्टोबरही घरीच होता, आणि तेव्हा रिपोर्ट वेळेवर जात होता. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही याची नुसती तारखांची यादी केली असती, तरी नोव्हेंबर आणि मार्च माझ्याकडे बघत बसले असते.

काही ठिकाणी मी आता आधीच शोधते. काम एका देशातून दुसऱ्या देशात हातबदल होतं तो क्षण. आपोआप चालणारी आणि बिघडल्यावर गप्प बसणारी यंत्रणा. खासगी चॅटवर सुटलेले प्रश्न. आणि सगळ्यांत फसवं, एखाद्या कष्टाळू माणसाने रोज चुपचाप दुरुस्त केलेली चूक. ऑफिसमध्ये त्याचे जास्तीचे तास दिसतात. घरून ते कुणालाच दिसत नाहीत. तो रजेवर जातो त्या आठवड्यात सगळं कोसळतं आणि आपण विचारतो, अचानक काय झालं?

‘हो’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे वरिष्ठांनी विचारलं की ‘हो, होईल’ म्हणणं ही सभ्यता असते. समोरासमोर त्या ‘हो’चा सूर, रेंगाळणं, चेहऱ्यावरची चलबिचल दिसते. कॅमेरा बंद असलेल्या कॉलवर फक्त शब्द पोचतो, आणि परदेशातला सहकारी तो करार म्हणून लिहून घेतो. अशा टीममध्ये ‘होईल ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘कशामुळे अडू शकतं?’ विचारलं तर अडचण सांगणं हेच योग्य उत्तर ठरतं, आणि माणूस मोकळेपणाने बोलतो.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या कामाच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये आला. सगळे घरी गेल्यावर लोकांचे गट आपापल्या कोषात जास्त आवळले गेले आणि गटांच्या पलीकडची ये-जा कमी झाली, असं त्यात दिसलं. आपल्या टीमचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या टीमच्या दारात सुरू होतं. ते दार आता दिसेनासं झालं आहे, म्हणून शोधाच्या कॉलला पलीकडच्या टीममधला एक तरी माणूस बोलवावाच.

या सगळ्याला पर्याय म्हणून काही कंपन्यांनी दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारी, माउसची हालचाल मोजणारी सॉफ्टवेअर बसवली. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ती माणूस खुर्चीत आहे का एवढंच सांगतात. काम कुठे अडलं हे सांगत नाहीत. वर ज्याच्यावर पाळत आहे तो आपली चूक कधीच लिहून ठेवणार नाही, आणि दूर बसलेल्या टीमची कामाची जागाच मुळी लिहिलेल्यातून बनते. पाळतीने आपण ती जागाच उजाड करतो.

कधीकधी मात्र हा सगळा खटाटोप करायची गरज नसते. पाच जणांचं काम तीन जण करत असतील तर मूळ कारण सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावर तिसरी बैठक घेणं म्हणजे माणूस नेमायचं टाळणं. क्वचित एखाद्याचा खरोखर हलगर्जीपणाही असतो. पण तो शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर मानावा. कारखान्यातले जुने लोक सांगतात की पाचव्या ‘व्हाय’ला ‘ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग’ असं उत्तर आलं, तर समजावं की कुणी यंत्र उघडून बघितलेलं नाही.

सापडलेल्या कारणापुढे एक नाव आणि एक तारीख हवी. ‘टीमने लक्ष ठेवावं’ असं लिहिलं की आपण गिटलॅबच्या बॅकअपच्याच वाटेवर आहोत. त्यांनी पुढे केलेल्या कामांच्या यादीत मोठ्या गोष्टी होत्या, जसं की बॅकअप परत आणून बघण्याची आपोआप चाचणी. आणि एक अगदी साधी गोष्टही होती. प्रत्येक सर्व्हरच्या आज्ञेच्या ओळीवर, आपण नेमके कुठे आहोत हे ठळकपणे दिसेल अशी खूण. रात्री ११ नंतरच्या डोळ्यांसाठी.

आमच्याकडे आता रिपोर्टचं काम घड्याळ बघून सुरू होत नाही, फाइल आल्यावर सुरू होतं. आणि ठरावीक वेळेत फाइल आली नाही तर टीमच्या सामायिक चॅटमध्ये निरोप पडतो. न्यू यॉर्कच्या बाजूचं एक नाव आणि आमच्या बाजूचं एक नाव त्या फाइलपुढे लिहिलेलं आहे. त्यानंतरच्या नोव्हेंबरात, घड्याळं मागे गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, मी मुद्दाम पहाटे उठून बसले. ४ वाजले, काही झालं नाही. साडेचारला फाइल आली आणि दोन मिनिटांत रिपोर्ट चालू झाला. चॅटमध्ये कोल्हापूरहून निरोप आला, ‘ताई, तुम्हीपण जाग्याच का?’